पाटील विल हेल्प माय फादर

अख्खा वर्ग हसला. मास्तर हसले. दाराशी उभा असलेला शाळेचा शिपाईसुद्धा हसला. त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण कुणावर हसायचं हे त्याला कळलं होतं.

मी उभाच होतो. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

फळ्यावर एकच शब्द लिहिलेला होता. हेल्प. प्रत्येकानं उठायचं, तो शब्द घालून एक वाक्य सांगायचं आणि बसायचं. बाकांवरच्या पोरांची वाक्यं झाली होती. गॉड हेल्प्स अस. आय हेल्प माय मदर. आईला मदत करतो म्हणून सांगणाऱ्या त्या पोरानं घरी पाण्याचा तांब्याही कधी जागचा हलवला नव्हता. पण त्याला शाबासकी मिळाली. मी दाराजवळ खाली जमिनीवर बसायचो, म्हणून माझी पाळी शेवटी. मी उठलो आणि म्हणालो,

"टुमॉरो पाटील विल हेल्प माय फादर."

उद्या पाटील माझ्या बापाला मदत करणार. शब्द सगळे जागच्या जागी होते. मी वाटभर मनात घोकत आलो होतो.

मास्तरांनी हसून ओले झालेले डोळे पुसले. "वाक्य बरोबर आहे हो याचं," ते म्हणाले. "फक्त अक्कल चुकलीये."

पुन्हा हशा. पहिल्या बाकावर पाटलाचा पोरगा बसला होता. तो एकटा हसत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. तो उठून उभा राहिला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मास्तर, हाऊ मन्हा बापले काय समजस? मन्हा बाप याना घर जाई का?"

"खाली बस," मास्तर त्याला मायेनं म्हणाले. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजातली माया तेवढ्यात संपली. "माय फादर हेल्प्स द पाटील. असं म्हण. तुझा बाप पाटलांना मदत करतो. पाटील तुझ्या बापाला नाही. म्हण."

मी म्हटलं नाही. हट्ट म्हणून नव्हे. मला काय चुकलं तेच कळत नव्हतं.

मग मास्तरांनी वर्गाला सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि एका सुरात म्हणू लागले, "हिज फादर हेल्प्स द पाटील. हिज फादर हेल्प्स द पाटील." मास्तर छडीनं टेबलावर ताल धरत होते. घंटा होईपर्यंत ते चाललं. घंटेनंतर पोरं बाहेर पडली आणि रस्त्यानंही तेच म्हणत गेली.

मी त्या शाळेत कसा आलो ते सांगतो, नाहीतर कुणाला वाटेल मास्तर फार थोर, त्यांनी भिलाच्या पोराला इंग्रजी शिकवलं.

आमचा पाडा डोंगराच्या पायथ्याला. तळोद्याच्या वाटेनं खाली उतरलं की पाटलाचं गाव. तिथं शाळा. इंग्रजांचं राज्य होतं आणि वरून हुकूम आला होता की भिलांची पोरं शाळेत दिसली पाहिजेत. दिसली पाहिजेत, एवढंच. शिकली पाहिजेत असं हुकमात नसावं. पाड्यातून बरीच पोरं नेली. मार खाऊन, गुरं राखायला, कंटाळून, एकेक परत आली. मी राहिलो. मला अक्षर आवडायचं. मराठी चौथी झाली तेव्हा मास्तरांनी मला इंग्रजी पहिलीत बसवलं, कारण दिपोटी साहेबाला दाखवायला एक तरी लागत होता. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला सगळे दिपोटी म्हणत. मास्तर देशावरून आलेले, शुद्ध बोलणारे. मला ते नावानं हाक मारत नसत. "आमचा भिल्ल" म्हणत. माझ्यासमोरच पाहुण्यांना सांगत, "हा आमचा भिल्ल."

घरी आमची बोली. गावात अहिराणी. शाळेत मराठी. तिच्यावर आणखी इंग्रजी. हेल्प शब्द आला तेव्हा मास्तरांनी मराठीत सांगितलं, हेल्प म्हणजे मदत. मी विचारलं, मदत म्हणजे? ते चिडले, पण बोलले, "अरे, एकाचं काम असतं, दुसरा येऊन त्याला हात लावतो. मजुरी घेत नाही. याला मदत म्हणतात."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाह! मास्तर लाहेविषयी बोलत होते. एवढा अवघड साहेबाचा शब्द आणि तो आमच्या पाड्यातला निघाला. मला इतका आनंद झाला की दुपारची भाकर खायची राहिली.

लाह म्हणजे आमची रीत. कुणाला घर उभं करायचं असलं, शेत निंदायचं असलं, तो आदल्या दिवशी दारोदार जाऊन बोलावतो. सकाळी सगळे येतात. आले की काम, काम झालं की जेवण. मजुरी नाही. पण ज्यानं बोलावलं, त्यानं उद्या तुमच्या बोलावण्याला यायचंच. आजारी असलास तर भाऊ पाठव, बायको पाठव. लाहेला येऊन गेलेल्या माणसाच्या लाहेला न जाणं ही आमच्यात सगळ्यात नीच गोष्ट. अशा माणसाशी कुणी तंबाखूसुद्धा वाटून घेत नाही.

पाटलाला ही रीत ठाऊक होती. चांगलीच ठाऊक होती. त्या हिवाळ्यात त्याला नवा गोठा बांधायचा होता. मोठा, बैलांच्या दावणींचा, सागाच्या खांबांचा. त्यानं मजूर लावले नाहीत. त्याचा गडी आमच्या पाड्यात आला आणि बापाला म्हणाला, "पाटीलनी लाह बोलायेल शे. समदासले लई ये."

बापाला केवढा मान वाटला! पाटलानं आमचा शब्द वापरला. पाटील आम्हाला लाहेला बोलावतो. बाप घरोघर गेला, सगळ्यांना घेऊन खाली उतरला. खांब रोवले, कूड विणला, कौलं चढवली. याहानं, माझ्या आईनं, बायकांना घेऊन भिंती लिंपल्या. जेवायला पाटलाकडून ज्वारीच्या भाकरी आणि पाण्यासारखं वरण आलं, तेही गोठ्याच्या मागं, उकिरड्याजवळ वाढलं. बापानं तेही गोड मानलं. म्हणाला, त्यांची रीत वेगळी असेल.

मग उन्हाळा आला. आमच्या घराचे खांब वाळवीनं खाल्ले होते, घर कलंडलं होतं. पावसाच्या आत नवं उभं करायला हवं होतं. बापानं लाह बोलावली. आणि रीतीप्रमाणे तो पाटलाच्या दारीही गेला. का जाणार नाही? पाटलाच्या लाहेला तो गेला होता.

मी बापाबरोबर होतो. पाटील ओट्यावर कुणाशी तरी बोलत बसला होता. बाप खाली उभा राहून म्हणाला, "बापू, उद्या मन्हा घर लाह शे. तुमले यायनं शे." पाटलानं मान वळवलीही नाही. "हां हां, जाय आते," एवढंच म्हणाला. बापानं हात जोडले. तो वर पाड्याकडे गेला. पाटील हो म्हणाला होता.

तिथून मी धावत शाळेत गेलो आणि ते वाक्य म्हणालो. मी वाक्य रचलं नव्हतं. बातमी सांगितली होती.

शाळेत काय झालं ते मी घरी बोललो नाही. मला वाटलं, मास्तर चुकलेत. उद्या पाटील येईल, मग त्यांनाच कळेल. इतका मी खुळा होतो.

सकाळी पाड्यातली सगळी माणसं आली. जुनं घर उतरवलं. खांब रोवले. आता छपराचं आढं, मधली तुळई, चढवायचं. आढं चढवताना बोलावलेला प्रत्येक माणूस हजर लागतो, प्रत्येकाचा हात त्याला लागावा लागतो. तशी रीत. बाप म्हणाला, "थांबा. पाटील यायचाय." कुणी कुरकुर केली नाही. सगळे सावलीत बसले. ऊन चढत गेलं. बाप दर थोड्या वेळानं टेकाडावर जाऊन वाट बघून येत होता.

वाटेवर पाटलाचा गडी दिसला. एकटाच. "पाटीलनी तुले बोलायेल शे," तो बापाला म्हणाला. "तुन्हा पोऱ्यालेबी."

आम्ही खाली गेलो. ओट्यावर पाटील होता, त्याच्या शेजारी मास्तर पानाचं तबक पुढ्यात घेऊन बसले होते, आणि खांबाला टेकून पाटलाचा पोरगा. पोरानं घरी जाऊन सगळं सांगितलं होतं.

पाटील शांत आवाजात बोलला. तो कधी ओरडायचा नाही. "काय रे, तुन्हा घरनं आढं मी उचलू?"

बाप भांबावला. "बापू, तुमनी लाहले आम्ही उनूत व्हतूत ना..."

"कान धर."

बापानं ऐकलं, पण त्याला समजलं नसावं. तो तसाच उभा राहिला. मास्तर जिना उतरल्यासारखे सावकाश ओट्यावरून खाली आले आणि त्यांनी बापाला शुद्ध मराठीत समजावलं, "पाटील म्हणतायत, कान धरा."

माझ्या बापानं कान धरले. पाड्यात कुणाचा वाद असला तर लोक माझ्या बापाकडे येत. अस्वल अंगावर आलं तेव्हा तो मागं सरला नव्हता, त्याच्या खांद्यावर अस्वलाच्या नखांचे व्रण होते. त्या माणसानं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, आणि एक पोरगा खांबाला टेकून ते बघत होता. माझ्या वयाचा पोरगा.

पाटलानं पान तोंडात टाकलं. "आते उनाच शे त गोठा झाडी टाक," तो म्हणाला.

आणि बापानं गोठा झाडला. त्यानंच बांधलेला गोठा. ज्या खांबाला त्यानं तेल लावून घासलं होतं, त्या खांबाभोवतीचं शेण त्यानं हातानं उचललं. मी मदतीला वाकलो तर त्यानं मला कोपरानं ढकललं. त्याला माझे हात त्या शेणाला लागायला नको होते.  

परतताना वाटेत तो म्हणाला, "शाळेत तू काय बोललास?" मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, मग आमच्या बोलीत. त्यानं विचारलं, "त्या शब्दाचा अर्थ मास्तरनं काय सांगितला होता?" मी तेही सांगितलं. एकाचं काम, दुसरा येऊन हात लावतो, मजुरी घेत नाही.

बाप वाटेतच थांबला. मग म्हणाला, "तू बरोबर बोललास."

एवढंच. हे तो आमच्या बोलीत म्हणाला. मी मराठीत लिहितोय, कारण आमची बोली लिहायला कुणी शिकवलंच नाही.

पाड्यातली माणसं अजून बसून होती. आम्हाला बघून उठली. आढं चढलं. पाटलाचा हात न लागता चढलं आणि नीट बसलं. जेवायला बसताना याहानं पळसाच्या पत्रावळी मांडल्या. लाहेला बोलावलेला माणूस आला नाही तरी त्याचा वाटा काढून ठेवतात. तिनं पाटलाची पत्रावळ मांडली, त्यावर भाकर ठेवली, उडदाची दाळ वाढली. तिला काही ठाऊक नव्हतं. बापानं ती पत्रावळ उचलली आणि माझ्यासमोर ठेवली. "खा," म्हणाला. मी पाटलाचा वाटा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मला शाळेत जायचं नव्हतं. बापानं धाडलं. "त्यांची भाषा शिक," तो म्हणाला. "आपल्याला ते कुठल्या शब्दात गुंडाळतात ते कळलं पाहिजे."

पुढं दिपोटी साहेब आले. शाळा झाडली, तोरण बांधलं. मला धुतलेला सदरा दिला, दुसऱ्या पोराचा. मला त्या दिवशी जमिनीवरून उचलून चक्क बाकावर बसवलं. पाटील खुर्चीत, साहेबांच्या शेजारी. मास्तरांनी मला आधीच पढवलं होतं. "फळ्यावर हेल्प लिहीन. तू उठायचं. म्हणायचं, द पाटील हेल्प्स द भिल्स. पाटील भिल्लांना मदत करतात. पाठ कर."

बघा. वर्गात पाटील माझ्या बापाला मदत करतो म्हटलं तर चूक. साहेबासमोर म्हटलं तर बरोबर. तेव्हा मला कळलं की वाक्याचं बरोबर-चूक फळ्यावर ठरत नाही, खुर्चीत ठरतं. आणि त्या क्षणी माझी भीती गेली. चुकायचंच कसं, सांगा? त्यांच्या हातात असलेल्या चुकीला मी कशाला घाबरू?

"आता आमचा भिल्ल वाक्य करील," मास्तर म्हणाले.

मी उठलो. पाटलाकडे बघितलं. दिपोटीकडे नाही, पाटलाकडे.

"माय फादर हेल्प्ड द पाटील," मी म्हणालो. "द पाटील डिड नॉट हेल्प माय फादर."

माझ्या बापानं पाटलाला मदत केली. पाटलानं माझ्या बापाला केली नाही.

कुणी हसलं नाही. मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. पाटलाला इंग्रजी येत नव्हतं, पण दोनदा आलेला पाटील हा शब्द त्याला कळला, आणि त्याचा पोरगा त्याच्याकडे ज्या तोंडानं बघत होता तेही कळलं.

दिपोटी साहेब मात्र खूश झाले. त्यांना वाक्याशी मतलब होता. "भूतकाळ बरोबर. नकारार्थी बरोबर," ते म्हणाले. "उच्चार सुधारायला हवेत." आणि घड्याळ बघून उठले. जेवण पाटलाकडे होतं. श्रीखंड होतं म्हणे.

मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. मी खरं बोललो होतो, सरकारच्या तोंडावर, सरकारच्या भाषेत. सरकारनं उच्चार तपासले आणि जेवायला गेलं. त्या दिवसापासून मी कुठल्याही साहेबाकडे न्याय मागायला गेलो नाही.

साहेबांची पाठ वळल्यावर मास्तरांनी मला शाळेच्या मागं नेलं. छडी मोडली तेव्हा थांबले. सदरा काढून घेतला. "पुन्हा या पायरीवर दिसू नकोस," म्हणाले. मी उघड्या अंगानं गावातून चालत वर गेलो. इंग्रजी पहिली माझी शेवटची इयत्ता.

कापसाच्या वेचणीला पाटलाचा गडी पुन्हा पाड्यात आला. जसं काही घडलंच नव्हतं. "पाटीलनी लाह बोलायेल शे. चाला."

एरवी गडी दिसला की बाप उठून उभा राहायचा. त्या दिवशी तो बसून राहिला. टोपलीचा बांबू सोलत होता, सोलत राहिला. माणसं बापाकडे बघत होती. बाप माझ्याकडे बघत होता. मी पुढं झालो. इंग्रजी नको होती, त्याचीच बोली पुरे होती.

"पाटीलले सांग," मी म्हणालो, "पहिले मन्हा बापना घर ये, आढंले हात लाव. मंग आम्ही येसूत."

गडी गेला. पाड्यातून कुणी उतरलं नाही. त्याचे भोग आम्ही भोगले. गुरांना पाटलाच्या शिवारातली वाट बंद झाली. त्याच्या विहिरीजवळच्या डोहावर पाणी बंद झालं. बापावर चोरीचा आळ आला आणि त्याला तळोद्याच्या ठाण्यात नेऊन मारलं. तो त्यातून पुरता उठलाच नाही. मरताना त्याचा एक हात वर जात नव्हता. पण पाटलाच्या गोठ्यावर आमच्या घरचं माणूस पुन्हा गेलं नाही.

आता म्हणे राज्य बदललंय. परवा पाटलाचा पोरगा पाड्यात आला होता. तोच, पहिल्या बाकावरचा. आता डोक्यावर पांढरी टोपी, मागं माणसं, गळ्यात हार. आमच्या झाडाखाली उभा राहून म्हणाला, "भाऊसहो, आम्ही तुमले मदत कराले उनूत."

माझी म्हातारी याहा माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात घट्ट धरला.

मी उठलो. त्यानं मला ओळखलं, ओळखून न ओळखल्यासारखं केलं. मी म्हणालो, "भाऊ, बरा उनास. मन्हं घर वाळवीनी खायेल शे. उद्या लाह शे, आढं चढावनं शे. सूर्य निंघाना पहिले ये."

तो हसला. नेमकं तेच हसू, जे त्या दिवशी वर्गात त्याला आलं नव्हतं. हार काढून माणसाच्या हातात दिला आणि पुढच्या पाड्याकडे निघाला.

तो आला नाही. मी त्याची वाट बघायला टेकाडावर गेलो नाही. आम्ही कुणासाठी थांबलो नाही, ऊन चढायच्या आत आढं चढवलं.

जेवायला बसताना याहानं सवयीनं विचारलं, "त्याची पत्रावळ मांडू?"

"नको," मी म्हणालो. "आता कधीच नको."

ज्याचा हात माझ्या घराच्या आढ्याला लागला नाही, त्याच्यासाठी मदत हा शब्द मी वापरणार नाही. मराठीत नाही, इंग्रजीत नाही, आमच्या बोलीत तर नाहीच. माझी पोरं शाळेत जातात. फळ्यावर तो शब्द पुन्हा येईल, तेव्हा कुणाचं नाव पुढं घालायचं आणि कुणाचं घालायचं नाही, ते मी त्यांना घरूनच शिकवून पाठवलंय. ती मार खातील. खाऊ देत. वाक्य बदलणार नाहीत.